हुंकारा कोण देतंय

१

गोष्ट सांगायची खोली म्हणजे आमच्या शाळेतली तांदळाची खोली. पोषण आहाराचे कट्टे, म्हणजे तांदळाची पोती, भिंतीला लावून छातीइतके रचलेले, वर जाळीची एक लहान खिडकी, बस. वर्गात रेकॉर्डिंग केलं की पत्र्याखाली आवाज घुमतो. बाहेर केलं की नेमका ट्रॅक्टर येतो. तांदळाचे कट्टे मात्र सगळा आवाज पिऊन टाकतात. हा शोध माझा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

केदारखेड्याच्या फाट्यावरून आत आलं की वस्तीवरची ही शाळा. शिक्षक दोनच. मुख्याध्यापक सोमेश्वर सर आणि मी. मी जालन्याहून स्कूटीवर येते. एका संस्थेनं शाळेला टॅब दिले होते, ते आले तसे कपाटात गेले होते. कुलूप मी काढायला लावलं.

"फुटले तर कोण भरून देणार, सत्यशीला मॅडम?" सर म्हणाले.

"कपाटात पडून राहिले तर फुटल्यासारखेच आहेत, सर."

सर हसले. माझं बोलणं त्यांना पावसाळी ढगासारखं वाटतं. गडगडतं, मग पुढं जातं. पण मी पुढं गेले नाही. पाचवीच्या वर्गाला सांगितलं, प्रत्येकानं एक गोष्ट रचायची. पुस्तकातली नाही, आपली. ती टॅबवर आपल्या आवाजात बोलायची, चित्रं काढायची, त्यांचे फोटो आवाजाला जोडायचे. झाला पिक्चर. शनिवारी पालकांना बोलावून भिंतीवर दाखवायचा.

 राजानंद उभा राहिला. हा वर्गाचा वकील.

"मॅडम, दिवसा गोष्ट सांगत न्हाईत. मामा वाट चुकतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. हे मलाही माहीत होतं. दुपारी गोष्टीचा हट्ट धरला की माझी आईही हेच सांगायची. कामाच्या वेळी पोरांनी जीव खाऊ नये म्हणून बायांनी काढलेली युक्ती, दुसरं काय?

"तुझ्या मामाकडं मोबाईल आहे?" मी विचारलं.

"हाय."

"मग त्यात नकाशा आहे. नाही चुकायचा."

"माझा मामा तर रातच्यालाच वाट चुकतो मॅडम, रोज," मागून कुणीतरी बोललं, आणि वर्ग हसून लोळला. हसली म्हणजे तयार झाली, असं मी समजले.

२

दुसरी अडचण हुंकाऱ्याची निघाली. पोरं खोलीत जोडीनं जायला लागली. एक जण सांगणार, दुसरा प्रत्येक वाक्याला "हं" म्हणणार. एक राजा होता. हं. त्याला एक म्हैस होती. हं. सगळी रेकॉर्डिंगं त्या हं-हंनी भरून गेली.

"हा हं कशाला?"

"हुंकारा न्हाई दिला तर गोष्ट कुणाला सांगायची?" राजानंद म्हणाला. "आन् हुंकारा थांबला की समजायचं, ऐकणारा झोपला. मंग गोष्ट बंद करायची. बराबर आहे ना मॅडम?"

"टॅबला हुंकारा लागत नाही. टॅब झोपतही नाही. उद्यापासून एकेकट्यानं जायचं."

नियम करून टाकला. माझ्याकडं वेळ कमी होता, शनिवार जवळ होता.

एकटं जायचं म्हटल्यावर पहिली कोण उठावी? अर्पिता.

अर्पिता वर्गात बोलत नाही. मुकी नाही. हजेरीला हात वर करते, लिहिते सुंदर, पण तोंड उघडत नाही. आई लहानपणीच गेली, बापानं दुसरं घर केलं, तेव्हापासून ती मामाकडं असते. मामा म्हणजे अंगददादा. झुंबरलाल शेठच्या खता-बियाण्याच्या दुकानात विक्रीला आहेत. एकटाच माणूस, लग्न केलं नाही. शाळा सुटायच्या वेळी रोज मोटारसायकलवर घ्यायला येतात, आरशाला लाल रिबीन, हँडलला दुकानाची कापडी पिशवी. तोंडाचा पट्टा अखंड चालू. भाचीच्या वाट्याचंही हेच बोलतात, असं सोमेश्वर सर म्हणायचे.

पण फाटकाशी मामाची गाडी थांबली की अर्पिता एक वाक्य मात्र बोलायची. दिवसाचं एकच.

"मामा, काय आणलं?"

"हत्ती आणल्ता गं! पण फाट्यावर पाणी प्यायला थांबलं बेणं. म्हणला, तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून जल्दी."

रोज वेगळा प्राणी, रोज वेगळी सबब. पिशवीतून निघायचं शेंगदाण्याचं पुडकं.

३

अर्पिता टॅब घेऊन खोलीत गेली. मी दार लोटून घेतलं आणि ओट्यावर बसून मोबाईलवर शाळेची माहिती भरायला लागले. दारातून पुटपुटणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण थांबत नव्हतं. मला माझा फॉर्म सोडून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ती बाहेर आली तेव्हा तोंड लाल झालं होतं. हसत होती.

"संपली गोष्ट?"

तिनं मान हलवली. नाही.

"उद्या पुढची?"

हो.

त्या दिवशी अंगददादा उशिरा आले. फार नाही. पोरं गेली होती, मी स्कूटी काढत होते, इतकंच.

"माफी बरं का मॅडम. आज लई गंमत झाली. फाटा मागं टाकून सरळ निघून गेल्तो. ध्यानातच आलं न्हाई."

"विचारात असाल."

"इचार कसला? शेठ म्हणते, अंगद्या, तुझ्या डोक्यात इचाराला जागाच न्हाई, सगळी बडबडीनं भरली."

"मामा, काय आणलं?"

"उंट! पण त्यालाबी फाटा सापडला न्हाई."

मला मामाची ती जुनी समजूत आठवली आणि हसू आलं. राजानंदला ही गंमत सांगायची नाही, एवढं ठरवून टाकलं.

४

दुसऱ्या दिवशी अर्पिता पुन्हा आत गेली आणि कालच्यापेक्षा जास्त वेळ बोलली. मी आज दाराशीही नव्हते. उरलेल्या पोरांची चित्रं फोटोत घेत होते.

शाळा सुटली. सोमेश्वर सर गेले. उन्हं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर आडवी झाली. मी आणि अर्पिता ओट्यावर. मामाचा फोन लागत नव्हता. अर्पिता फाटकाकडं बघत बसली होती आणि मी तिच्याकडं. तिला मामाशिवाय कुणी नाही, ही गोष्ट मला माहीत होती. पण रिकाम्या रस्त्याकडं बघणाऱ्या तिच्या पाठीवरून ती मला त्या दिवशी कळली.

गाडी आली तेव्हा अंगददादांच्या कपड्यांवर धुळीचा थर होता.

"मॅडम, या रस्त्यानं म्या पंधरा वरसं येऊन-जाऊन राह्यलो," ते पाणी पिऊन म्हणाले. आवाज खाली आला होता. "आज तेच शेत, तीच बाभळ, तोच पूल. सगळं बराबर. फक्त शाळा येईना. पूल आला, मंग बाभळ आली, मंग परत पूल."

"कुणाला विचारायचं ना."

"इचारलं की! बाभळीखाली एक जण बसल्ता. म्हणलं, दादा, शाळेकडं हाच रस्ता का? म्हणला, हं. गेलो. परत बाभळ. परत तोच. म्हणलं, अहो, हा रस्ता न्हाई, मंग तो मागचा का? म्हणला, हं. म्हणलं, तुम्ही हितलेच का? हं. कायबी इचारा, हं!" ते हसायला गेले, पण जमलं नाही. "शेवटाला बोलायचंच सोडलं त्याच्याशी. मंग आली शाळा."

"कोण होता? ओळखीचा?"

"तोंडाला रुमाल होता."

अर्पितानं काय आणलं ते विचारलं नाही. मामानंही सांगितलं नाही. दोघं निघाले. फाट्यापर्यंत जाईतो मी त्यांच्या गाडीचा आवाज ऐकत उभी होते.

५

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पहिल्यांदा अर्पिताचं रेकॉर्डिंग ऐकायला घेतलं. खरं तर ऐकायला नाही, कापायला. खिचडीचं ताट बाजूला ठेवून कानात हेडफोन घातले.

तिचा आवाज छान होता. थोडा घोगरा, न घाबरलेला.

"एक माणूस होता."

"हं."

"तो घरी चालला होता."

"हं."

मी थांबवलं. मागं नेलं. पुन्हा लावलं. बारीक आवाज होता, पण वाक्य संपलं की बरोबर येत होता. वर पत्र्यावर पारवे बसतात, त्यांचा असेल. पारवे घुमतात. पण पारवा वाक्य संपायची वाट बघत नाही.

टॅबवर आवाज स्वच्छ करायची सोय आहे. बटण दाबलं की पंखा, वारा, कुरकुर सगळं जातं, माणसाचा आवाज तेवढा राहतो. मी दाबलं. पारवे गेले. बाहेर खेळणारी पोरं गेली. राहिले दोन आवाज, दोन्ही स्वच्छ. दुसरा बाप्याचा होता. वय सांगता येणार नाही. कंटाळलेला नव्हता. उलट मन लावून ऐकणारा होता.

अजून एक सोय होती. बोललेलं आपोआप लिहून देणारी. चित्रपटाखाली अक्षरं यावीत म्हणून मी तीही चालू केली. टॅब यंत्र आहे, त्याला पोरांच्या समजुती माहीत नाहीत, असं मी स्वतःला सांगत होते. त्यानं निमूट लिहून दिलं.

वक्ता एक: वाटेत फाटा लागला.
वक्ता दोन: हं.
वक्ता एक: फाट्यापुढं बाभळ होती. बाभळीखाली एक जण बसला होता.
वक्ता दोन: हं.
वक्ता एक: त्याला विचारलं, हाच रस्ता का?
वक्ता दोन: हं.

हे कालचं होतं. दुपारच्या सुट्टीआधीचं. मामा बाभळीशी पोचले ते शाळा सुटल्यावर.

खिचडी गार झाली. मी अर्पिताला ओट्यावर बोलावलं.

"गोष्ट सांगताना तुला हुंकारा कोण देत होतं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी थट्टा करतेय.

"तुम्हीच की," ती म्हणाली. माझ्याशी बोललेले हे तिचे पहिले शब्द. "दाराच्या बाहेरून."

"मी?"

"म्हणून तर मी बोलले. मला वाटलं, मॅडम ऐकून राह्यल्या."

 मी त्या वेळी शाळेतल्या नळांची माहिती भरत होते.

"मग गोष्ट संपवली का नाहीस? दोन दिवस झाले."

"हुंकारा थांबतच न्हाई, मॅडम. तुम्ही झोपतच न्हाई. मंग मी कशी संपवू?"

६

मला अजूनही वाटत होतं की याला कारण आहे. अर्पितानंच आवाज बदलून हं म्हटलं असेल. एकटी वाढलेली पोरं असं करतात. मामानं घरी बाभळीखालच्या कुणाची तरी गोष्ट आधीच सांगितली असेल. कारणं पुष्कळ होती. पण शाळा सुटली, सर भोकरदनला बैठकीला गेले, पोरं पांगली, आणि रस्ता रिकामा राहिला. सूर्य खाली आला, तरी गाडी आली नाही. दुकानात फोन केला तर शेठ म्हणाले, अंगद तर केव्हाच निघाला.

"मॅडम," अर्पिता म्हणाली, "माझ्या गोष्टीतला माणूस अजून वाटेतच आहे."

तिला हे कुणी सांगायची गरज नव्हती. दोन दिवस ती सगळं जोडत बसली असणार.

"चल," मी म्हणाले. "गोष्ट संपवून टाकू. आज हुंकारा मी देते, खराखुरा. मी थांबले की तू म्हणायचं, माणूस घरी पोचला. बस."

आम्ही तांदळाच्या खोलीत गेलो. ती पालथ्या बादलीवर बसली, मी तिच्यासमोर गुडघे मुडपून. टॅब तिनं सवयीनं चालू करून कट्ट्यावर टेकवला.  खोलीत तांदळाचा आणि गोणपाटाचा वास होता. जाळीतून उन्हाचा तुकडा भिंतीवर पडला होता.

"माणूस दमला होता," ती म्हणाली.

"हं," मी म्हणाले.

"त्याची भाची वाट बघत होती."

"हं."

सुरुवातीला अवघडले. मग जमलं. वर्षभर मी या पोरांकडून बोलणं काढत होते. गप्प बसून ऐकलं कधी होतं? अर्पिता डोळे माझ्या डोळ्यांत ठेवून सांगत होती. दुसरा आवाज नव्हता. मी मुद्दाम कान देऊन होते. फक्त ती आणि मी.

"मंग त्याला लांबून शाळा दिसली."

मी थांबले. ओठ मिटून घेतले. ठरल्याप्रमाणे.

खोली शांत. अर्पितानं श्वास घेतला, शेवटचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

"हं?"

विचारलं होतं. पुढं काय, असं. कट्ट्यांच्या मागून आलं, जिथं कट्टे भिंतीला चिकटलेले आहेत आणि मुंगीलाही जागा नाही.

"मंग," अर्पिता म्हणाली. डोळे माझ्यावरच, भरून आलेले, आणि तोंड थांबत नव्हतं. "मंग तो गाडीवर बसला. मंग तो शाळेच्या फाटकाशी आला..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला उचलूनच बाहेर आणलं.

७

फाटकाशी गाडी उभी होती.

लाल रिबीन. कापडी पिशवी. अंगददादांचा निळा शर्ट. डोक्याला-तोंडाला रुमाल गुंडाळलेला, जसा उन्हात सगळेच गुंडाळतात. मला हायसं वाटलं. गाडी आली कधी, आवाज कसा आला नाही, हे मनात आलं, पण ते मी मागं सारलं.

"अहो दादा, किती उशीर!"

"हं."

अर्पितानं माझा हात सोडला नव्हता. ती फाटकाच्या अलीकडंच थांबली.

"मामा, काय आणलं?"

"हं."

रुमाल हलला नाही. मी खाली बघितलं. स्टँड वर होता. दोन्ही पाय पायदानावर होते, जमिनीला टेकलेले नव्हते. गाडी तशीच सरळ उभी होती.

माझ्या हातातला छोटा हात गार पडला. पळावं तर कुठं, मागं ती खोली. मला एकही शब्द सुचेना. मी, जी दिवसभर बोलते.

अर्पिता बोलली. रडत नव्हती. रेकॉर्डिंगमधला तोच घोगरा आवाज.

"मंग त्या माणसानं गाडी वळवली."

"हं," तो म्हणाला. आणि गाडी वळली.

"मंग तो एकटाच गेला."

"हं."

"लांब गेला. बाभळीच्याबी पल्याड."

"हं," हे आता रस्त्यावरून आलं.

"आन् त्याला झोप आली."

आम्ही ऐकत उभ्या राहिलो. धुरळा खाली बसला. कुठूनच हं आला नाही.

"संपली," अर्पिता म्हणाली.

मी तिला ओट्यावर घेऊन बसले. पाणी दिलं. ती प्यायली नाही. रस्त्याकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "मॅडम, शर्ट मामाचाच होता ना?"

"असे शर्ट पुष्कळांकडं असतात."

"रिबीन म्या बांधल्ती." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तो मामाच असला तर? मी तर 'घरी पोचला' म्हणलेच न्हाई."

 मी तिला जवळ घेतलं, आणि ती जे जे बोलली ते ऐकलं. तिला हो म्हणायचं होतं तिथं मी "हो" म्हणाले. पुरा शब्द.

ऊन पऱ्हाट्यांवरून सरलं, तेव्हा फाट्याकडून मोटारसायकलचा आवाज आला. पुलावर खडखडला. बाभळीशी जरा मंदावला. मग वाढत वाढत आला आणि शाळेच्या भिंतीमागं, आम्हाला दिसत नाही अशा जागी, थांबला. स्टँड लावल्याचा आवाज झाला. की मला तसं वाटलं.

अर्पिता उठली. फाटकाकडं गेली नाही. ओट्याच्या कडेला उभी राहून तिनं जोरानं विचारलं,

"मामा, काय आणलं?"

"हं..." भिंतीमागून आवाज आला.

आम्ही दोघी त्या हं-पुढच्या हत्तीची वाट बघत राहिलो.